अम्मीचं गाळणं



मागच्या महिन्यात लेकीनं नागपूरहून एक खोकं पाठवलं. वडशाहून येणाऱ्या कुरिअरवाल्या पोरानं ते दारात ठेवलं, तेव्हा मला वाटलं पुस्तकं असतील. कवीच्या घरी दुसरं काय येणार? उघडलं तर आत चकचकीत स्टीलचं नरसाळं, त्यात बसणारी बारीक जाळीची चकती, आणि एकात एक बसतील अशा लहान-मोठ्या तीन गाळण्या. सोबत चिठ्ठी : ‘अब्बा, आता ओट्यावर तेल सांडायचं नाही.’

तक्रार खरी होती. रमजानच्या महिन्यात आमच्याकडे रोज संध्याकाळी भजी तळली जातात. उरलेलं तेल बाटलीत परत भरायचं काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. मी ते कढईच्या कडेनं सरळ ओततो. चार चमचे बाटलीत, एक चमचा ओट्यावर. आमच्या सौ. काही बोलत नाहीत, फक्त जुनं फडकं माझ्यासमोर आणून ठेवतात.

तर आता नरसाळं आलं. आणखी एक गंमत सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे हातात नवंकोरं नरसाळं घेऊन दारात उभा असलेला माणूस दिसला की ओळखीचे लोक जरा मिश्किल हसतात. शेजारचे काका म्हणाले, ‘काय जी कवी, मोहाचा हंगाम जोरात दिसते!’ मी त्यांना भज्यांचं तेल दाखवलं. पटलं की नाही, ठाऊक नाही.

पहिल्याच दिवशी नरसाळं रुसलं. बाटलीवर घट्ट बसवलं, तेल ओतलं, थोडं खाली गेलं आणि थांबलं. नरसाळं काठोकाठ भरलं, बाटली अर्धी रिकामी. नातू म्हणाला, ‘बंद पडलं.’ आणि मला एकदम अब्बांचं दुकान आठवलं, कारण ही तक्रार मी पहिल्यांदा तिथं ऐकली होती आणि तिचा इलाजही तिथंच शिकलो होतो.

आमचं किराण्याचं लहानसं दुकान होतं. आरमोरी तेव्हा चांदा जिल्ह्यात होती, गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. दुकानात दोन नरसाळी. एक पितळी, आतून कल्हई केलेलं, ते गोड्या तेलाचं. दुसरं डालड्याच्या जुन्या डब्याच्या पत्र्याचं, टिनवाल्यानं डाग देऊन जोडलेलं, ते मातीच्या तेलाचं. पुस्तकात त्याला रॉकेल म्हणतात, आम्ही मातीचं तेलच म्हणायचो. रेशनचं असेल तर निळं. लोक बाटल्या आणत, तोंडाला मक्याच्या कणसाचं बूच. अब्बा माप भरत, नरसाळ्यात ओतत, आणि तेल अडलं की नरसाळं बोटभर वर उचलत. लगेच गटगट आवाज करत तेल खाली जाई.

मी विचारलं होतं, असं का? अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. ते म्हणाले, ‘आत हवा राहते. ती बाहेर निघाल्याशिवाय तेल आत कसं जाईल? एका दारातून एकच जण जाईल ना.’ पुढं शाळेत हवेचा दाब वगैरे शिकलो, पण समजलं होतं ते आधीच. नरसाळ्याची नळी बाटलीच्या तोंडात घट्ट बसली की आतल्या हवेला वाट राहत नाही. म्हणून चांगल्या नरसाळ्याच्या नळीला बाहेरून उभी शीर ठेवतात, तेवढ्या फटीतून हवा सुटते. शीर नसेल तर खराट्याची एक काडी बाजूला खोचायची. आगपेटीची काडीही चालते, पण मातीच्या तेलाच्या दुकानात आगपेटीच्या काडीचं नावसुद्धा काढलेलं अब्बांना चालत नसे.

अब्बांची दुसरी सवय मला तेव्हा त्रासाची वाटायची. तेल ओतून झालं तरी ते नरसाळं उचलत नसत. बाटलीवर तसंच ठेवत आणि गिऱ्हाईकाशी पावसापाण्याचं बोलत. नळीच्या टोकाशी थेंब जमे, पडे, पुन्हा जमे. मागं चार माणसं उभी असत. मी म्हणायचो, ‘अब्बा, झालं ना.’ ते म्हणायचे, ‘झालं नाही. भिंतीला लागलेलं त्याचं आहे, आपलं नाही.’ कुराणात माप मारणाऱ्यांवर एक स्वतंत्र अध्याय आहे, तो त्यांना तोंडपाठ होता. दिवसाला पन्नास बाटल्या धरल्या आणि प्रत्येकीमागं नरसाळ्याला चिकटलेलं अर्धा चमचा धरलं, तर दुकानदाराच्या घरची भाजी फुकटात होते. हा हिशेब मी लहानपणीच केला होता. अब्बांनीही केलेला असणार. म्हणूनच ते थांबत.

एकदा मी घोळ केला. आठ-नऊ वर्षांचा असेन. दुपारी अब्बा नमाजला गेलेले, मी एकटा दुकानात. जवसाच्या तेलाचा डबा भरायचा होता आणि मी हाताला लागलं ते नरसाळं लावलं. पत्र्याचं. नळीतलं निळं मातीचं तेल जवसाच्या तेलात उतरलं. फार तर चमचाभर असेल, पण पंधरा किलोचा अख्खा डबा वासला. मी घाबरून घरातून गाळण्याचं कापड आणलं आणि ते तेल गाळायला बसलो. एकदा गाळलं, दोनदा गाळलं, तिसऱ्यांदा कापडाची घडी करून गाळलं. अब्बा आले तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलात होते. त्यांनी वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘बेटा, कचरा गाळता येतो. वास नाही गाळता येत.’ मार बसला नाही. तो डबा बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून वर्षभर वाटला गेला. त्यानंतर पत्र्याच्या नरसाळ्याला अब्बांनी लाल चिंधी बांधली.

आता पाण्याचं सांगतो. खरं म्हणजे मला तेच सांगायचं आहे, तेलानं मला जरा वेळ थोपवून धरलं.

आमचं पाणी विहिरीचं. उन्हाळ्यात तळ दिसे, पावसाळ्यात गढूळ. अम्मी पहाटे पाणी भरायची आणि गुंडाच्या तोंडावर कापड टाकून गाळून घ्यायची. कापड म्हणजे तिच्या जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा, दुहेरी घडी केलेला. गाळून झालं की ते उलटं करून झटकायची, धुवायची, आणि दोरीवर उन्हात वाळत घालायची. त्या कापडाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आमच्या बाजारात एक जैन व्यापारी कुटुंब होतं. त्यांच्या घरची आजी पाणी गाळल्यावर कापडावर राहिलेलं पुन्हा पाण्यानं खंगाळून त्याच विहिरीत हळूच सोडायची, आतले जीव मरू नयेत म्हणून. अम्मीला त्याचं फार कौतुक. ती म्हणायची, ‘त्या जिवांसाठी गाळतात, आपण पोरांसाठी गाळतो. कापड एकच.’

१९८० च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला ताप आला. तो सहा वर्षांचा, मी दहा. पहिले काही दिवस वाटलं पावसात भिजला म्हणून. मग ताप उतरेना. रोज संध्याकाळी चढे. जीभ पांढरी, पोट फुगलेलं. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, मुदतीचा ताप आहे, मुदत भरली की जाईल. ब्रह्मपुरीला न्यायचं ठरलं, तेव्हा वैनगंगेला पूर होता. दोन दिवस पलीकडे जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी नेलं. तिथल्या डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला, सलाईन लावलं. ते भले माणूस होते, रात्रभर बसले. पण उशीर झाला होता.

घरी परत आल्यावर, सगळं झाल्यावर, चाळिसाव्याच्याही नंतर कधीतरी, अम्मीनं दोरीवरचं गाळणं काढलं आणि उजेडाकडे धरलं. मी ओसरीवर पाढे लिहीत होतो. कापडाला एका कोपऱ्यात भोक होतं, करंगळीचं नख जाईल एवढं. ती कितीतरी वेळ ते बघत राहिली. त्यात भर म्हणून शेजारची एक बाई, मनानं वाईट नव्हती, बोलायची म्हणून बोलून गेली : ‘पाणी नीट गाळलं असतं तर पोराच्या पोटात घाण गेली नसती बाई.’

एवढंच वाक्य. ते आमच्या घरात बत्तीस वर्षं राहिलं.

त्या दिवसापासून अम्मीचं गाळणं चौपदरी झालं. पुढं आठपदरी. पाहुणा आला तरी त्याच्यासमोर पाणी गाळून द्यायची. लग्नाला गेली तरी पिशवीत फडक्याचा तुकडा. बहिणी चिडायच्या, मी चिडायचो. अब्बा काही बोलत नसत. दर जुम्म्याला ती गाळणं उजेडाकडे धरून भोक आहे का बघायची. माझी मुलगी लहानपणी विचारायची, ‘दादी सूर्य का बघते कपड्यातून?’

मी नववीत असताना आमच्या शाळेत मराठवाड्यातून बदली होऊन एक गुरुजी आले. त्यांच्या डाव्या घोट्यावर पांढरट, खोलगट वण होता. एकदा वर्गातल्या कुणीतरी धीर करून विचारलं. गुरुजींनी पायजमा वर केला आणि तासभर फक्त त्या वणावर शिकवलं. नारूचा वण होता तो.

आजच्या मुलांना नारू हा शब्दच माहीत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत, तळ्यात एक बारीक जलकीटक असतो, एक-दोन मिलिमीटरचा. नारूची अळी त्याच्या पोटात असते. ते पाणी न गाळता पिलं की कीटक पोटात मरतो, अळी मात्र जगते, अंगात वाढते, आणि जवळजवळ वर्षानं मीटरभर लांबीचा पांढरा दोऱ्यासारखा जंत पायातून बाहेर येऊ लागतो. ओढून काढता येत नाही, तुटला तर पाय सडतो. काडीला गुंडाळत रोज बोट-दोन बोटं बाहेर काढायचा. त्याला काही आठवडे लागत. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात घालतो, बारवेच्या पायरीवर बसतो, आणि जंत तिथंच आपल्या अळ्या सोडतो. पुन्हा तेच चक्र. गुरुजी म्हणाले, ‘पेरणीच्या दिवसांत घरातली तीन माणसं खाटेवर. माणूस मरत नाही, शेत मरतं.’

त्याला ना लस होती ना औषध. इलाज दोनच : पायऱ्यांच्या विहिरी बंद करून काठ बांधायचे म्हणजे कुणाचा पाय पाण्यात जाणार नाही, आणि पिण्याचं पाणी कापडानं गाळायचं. १९८३-८४ पासून सरकारनं नारू निर्मूलनाचा कार्यक्रम घेतला. महाराष्ट्रासह सात राज्यांत नारू होता. १९८४ मध्ये देशात सुमारे चाळीस हजार रुग्ण मोजले गेले. गावोगाव गाळण्याची कापडं वाटली, पाण्यात कीटक मारायचं औषध टाकलं, हातपंप खोदले. शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैत राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. देवीनंतर या देशातून गेलेला हा दुसरा रोग. आणि गेला तो बहुतांशी फडक्यानं. आफ्रिकेत १९८६ च्या सुमारास लाखो लोकांना नारू होता. तिथं भटक्या गुराख्यांच्या गळ्यात बासरीएवढी नळी अडकवून दिली, तिच्या तोंडाला बारीक जाळी, वाकून नळीनं पाणी ओढायचं. २०२३ मध्ये साऱ्या जगात चौदा माणसांना नारू झाल्याची नोंद आहे. कुत्र्यांमध्ये तो अजून आहे, म्हणून पूर्ण संपला असं म्हणता येत नाही.

ते गुरुजी एका संध्याकाळी दुकानात आले आणि पाणी मागितलं. आमच्या गल्लीत तेव्हा आमच्या घरचं पाणी न पिणारी काही घरं होती. भांडण नव्हतं, रीत होती. मी आत जाऊन सांगितलं. अम्मीनं नेहमीप्रमाणे पडद्याआडून, पण दिसेल असं, आठपदरी फडक्यातून पाणी गाळलं. गुरुजी ते बघत होते. प्याले आणि म्हणाले, ‘आमच्या गावात अशी एक माउली असती तर माझा पाय वाचला असता.’ अम्मीनं आतून दुसरा पेला भरून पाठवला. गुरुजींना तहान नव्हती, तरी त्यांनी तोही संपवला. रात्री मी पाणी प्यायला उठलो तर अम्मी रांजणापाशी बसून रडत होती. मला वाटलं गुरुजींचं काही लागलं. मी दहावीच्याही आतला पोर, मला काय कळणार?

मी बी.ए. झालो, तेही मराठी साहित्य घेऊन. मला अजून लोक विचारतात, मुसलमान असून मराठीत कसं लिहिता? आरमोरीत जन्मून, झाडीपट्टीची नाटकं बघत वाढून मी दुसऱ्या कशात लिहिणार, हे माझं उत्तर असतं. सांगायचा मुद्दा असा की विज्ञान माझं शाळेपुरतंच. त्यामुळे २००३ साली वर्तमानपत्रात एक बातमी वाचली ती दोनदा वाचावी लागली.

बातमी बांगलादेशातली होती. तिथल्या मतलब भागातल्या पासष्ट गावांत शास्त्रज्ञांनी बायकांना जुनी सुती साडी दुमडून, आठ पदर करून, घागरीच्या तोंडावर धरायला शिकवलं. पटकी, कॉलरा, जवळजवळ निम्म्यानं कमी झाला. अठ्ठेचाळीस टक्के. रिटा कॉलवेल नावाच्या अमेरिकन बाईंचं ते संशोधन. पटकीचा जंतू इतका बारीक की कापडातून सहज जाईल, पण तो पाण्यातल्या बारीक कीटकांना चिकटून राहतो. कीटक अडकला की जंतूही अडकतो. आणि साडी जुनी हवी. धुऊन धुऊन सुताचे तंतू सुटतात, विणीतली छिद्रं भरतात. नव्या साडीचं छिद्र मोठं. जुन्या साडीचे आठ पदर केले तर वाट उरते सुमारे वीस मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाच वर्षांनी पुन्हा बघितलं तर तिथल्या जवळजवळ एक तृतीयांश बायका कुणी सांगत नसतानाही गाळतच होत्या.

मी पहिल्यांदा खूश झालो. अम्मी बरोबर होती! जुनी ओढणी, आठ पदर, कुणी न शिकवता. मग दुसऱ्यांदा वाचताना टायफॉइडचं मनात आलं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मित्राकडे गेलो. त्यानं पुस्तक काढलं. टायफॉइडचा जंतू दोन-तीन मायक्रॉन लांब, रुंदीला एक मायक्रॉनही नाही. त्याला चिकटून राहायला कीटक लागत नाही. मित्र म्हणाला, ‘वीस मायक्रॉनच्या दारातून दोन मायक्रॉनचा जाणार. वाड्याच्या दिंडीदरवाजातून मांजर गेल्यासारखं.’ मी विचारलं, ‘आणि कापड दुहेरीच असेल तर?’ तो म्हणाला, ‘मग तर बैलगाडीच जाईल.’ मी विचारलं, ‘आणि कापडाला भोक असेल तर?’ तो म्हणाला, ‘काय फरक पडतो?’

काय फरक पडतो. श्रोतेहो, मी तिथून सायकलवर घरी आलो ते जवळजवळ उडत आलो. तेवीस वर्षं ते भोक आमच्या घरात होतं, आणि त्यानं काही केलंच नव्हतं.

अम्मी अंगणात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. मिलिमीटर, मायक्रॉन, जंतू, छिद्र. कवीनं समजावून सांगावं तसं, जरा जास्तच समजावून. शेवटी म्हणालो, ‘अम्मी, ते कापड नवं असतं, धड असतं, आठ पदरांचं असतं, तरी छोट्याचा ताप त्यात अडकला नसता. तुझ्या गाळण्याचा दोष नव्हता.’

तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता रडेल आणि मोकळी होईल. तिनं विचारलं, ‘मग तो कशानं अडकला असता?’

मी बोलून गेलो, ‘उकळल्यानं.’

ती म्हणाली, ‘मग उकळायला पाहिजे होतं मी.’

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेवीस वर्षांचा एक दगड उचलून मी दुसरा ठेवला होता. मग मी घाईघाईनं हिशेब मांडायला लागलो. म्हणालो, पाणी वीस मिनिटं उकळावं लागतं, सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं. घरात सात माणसं. पावसाळ्यात दोन गुंड तरी पिण्याचं पाणी लागायचं. चुलीवर भात, वरण, मग एवढं पाणी वीस-वीस मिनिटं? लाकडं ओली, घरात धूर. मोळी दोन दिवस पुरायची, मग दिवसाला दोन लागल्या असत्या. अब्बांचं दुकान केवढं? तिच्या हातात तांदूळ तसेच होते. ती माझा हिशेब ऐकत होती, मध्येच दुरुस्तही करत होती : ‘मोळी दीड दिवसच पुरायची, पावसात.’ आम्ही दोघं बराच वेळ त्या १९८० च्या चुलीत लाकडं घालत बसलो. शेवटी ती म्हणाली, ‘वीस मिनिटं तर नसतंच जमलं.’ आणि पुन्हा सूप उचललं. त्यानंतर एकदाच, जेवताना, आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली, ‘एका तांब्यापुरतं जमलं असतं कदाचित.’

पण मला खरंच वाटतं, त्या वीस मिनिटांनी तिला थोडा आधार दिला. दर जुम्म्याला कापड उजेडाकडे धरणं हळूहळू थांबलं. गाळणं मात्र थांबलं नाही. आमच्याकडे तोवर नळ आला होता, मी मेडिक्लोरची बाटलीही आणून ठेवली होती. ती म्हणायची, ‘तुझे थेंब टाक, पण आधी मला गाळू दे.’ आणि त्यात तिचं बरोबरच होतं. गढूळ पाण्यात टाकलेलं औषध गाळावरच खर्च होतं. आधी गाळायचं, मग थेंब, मग अर्धा तास थांबायचं.

नव्या नरसाळ्याकडे परत येतो. आता मला ते जमलं आहे. तेल कोमट होऊ देतो, कारण गरम तेल काचेच्या बाटलीत गेलं की बाटली तडकते. आधी मोठ्या जाळीतून गाळतो, मग बारीक चकतीतून. एकदम बारीक लावली तर बेसनाचा चुरा तिचं तोंड धरतो. नळीला शीर आहे, तरी सवयीनं बोटभर उचलतो. तेल गाळलं की कसं स्वच्छ, पिवळंधमक दिसतं! पण त्या दिसण्यावर जाऊ नये. पुन्हा पुन्हा तापवल्यानं तेलात जे बिघडतं ते कुठल्याही जाळीत येत नाही. सरकारनं २०१८ पासून हॉटेलवाल्यांना मर्यादा घालून दिली आहे, तेलातले बिघडलेले घटक पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही. घरी मोजायचं यंत्र नसतं. आमच्याकडे दोनदा तळलं की तिसऱ्यांदा नाही. काळं पडलं, फेस धरला, वास आला, की गेलं. अब्बांचं वाक्य मी नातवाला ऐकवलं. त्याला वासाचं पटलं, पण एवढं तेल फेकायचं हे पटलं नाही. बैलगाडी आता आमच्याकडे नाही.

रानातून मध घेऊन येणारा एक गोंड म्हातारा आमच्या ओळखीचा आहे. त्याच्या मधात मेण आणि माश्यांचे पंख असतात. तो मध या गाळणीतून चांगला उतरतो, मात्र घाई केलेली त्याला खपत नाही. रात्री लावून ठेवायचा, सकाळी बाटली भरलेली. शेवटचा थेंब पडेपर्यंत मी नरसाळं उचलत नाही. गिऱ्हाईक नसलं तरी.

एक गोष्ट राहिली. ती मी आजवर घरातही सांगितलेली नाही, आज रेडिओवर सांगतो आहे.

२००८ च्या सुमारास गावात आरोग्य शिबिर होतं. तिथं एका तरुण डॉक्टर मुलीला मी सहज विचारलं, पाणी वीस मिनिटंच का उकळायचं, पंधरा का नाही? ती हसली. म्हणाली, ‘काका, वीस मिनिटांची गरजच नाही. खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरे. टायफॉइड, पटकी, कावीळ, सगळ्यांचे जंतू तेवढ्यात मरतात. उगाच लाकूड जाळायचं कशाला?’

एक मिनिट.

मी शिबिरातून घरी आलो. अम्मी ओसरीवर बसली होती, डोळ्यांना कमी दिसत होतं, तरी हातानं चाचपून ओढणीच्या तुकड्याची घडी घालत होती. तिनं विचारलं, ‘काय म्हणाले डॉक्टर?’

मी म्हणालो, ‘बीपी बरोबर आहे.’

त्यानंतर ती चार वर्षं होती.